ऐंशी वॅटची नळी : लेसरची शक्ती व कार्यक्षमता मोजण्याचा एक प्रयत्न

कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेसरवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी दहावीनंतर विज्ञान सोडले ते आवड नव्हती म्हणून नव्हे. प्रात्यक्षिकांचे तास दुपारी असतात आणि दुपारनंतर मला कामावर जावे लागते. वडील गेली पंचवीस वर्षे नारपोलीत यंत्रमागावर आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. सकाळचे तास करून बी. ए. होता येते म्हणून मी अर्थशास्त्र घेतले. संध्याकाळी मी एका लेसर कटिंगच्या कारखान्यात काम करतो. कारखाना म्हणजे एक गाळा, एक यंत्र, शेठ आणि मी. साड्या-ब्लाउजवर लावायची नक्षी, लेसचे तुकडे, ॲक्रिलिकच्या पाट्या असे काम तिथे चालते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर रेयॉनच्या नक्षीचे साठ तुकडे अर्धवट कापले गेले. कडा तुटेनात, ओढले की धागे निघत. माल परत आला. शेठ म्हणाले, "तू स्पीड चुकीचा लावलास." मी म्हणालो, "शेठ, नळीत दम राहिला नाही." "नळी ऐंशी वॅटची आहे, कागद आहे माझ्याकडे," असे म्हणून त्यांनी माझ्या पगारातून नऊशे रुपये कापले. परीक्षेची फी भरायची होती, त्यामुळे तो आकडा माझ्या चांगलाच लक्षात आहे. पण त्याहून जास्त लागले ते हे की वाद मोजून मिटण्यासारखा होता आणि आम्ही दोघेही नुसते बोलत होतो. म्हणून मी मोजायचे ठरवले.

मोजणीकडे वळण्याआधी यंत्राची थोडी ओळख करून देतो. आमचे यंत्र कार्बन डायऑक्साइड लेसरवर चालते, म्हणजे तो वायू-लेसर आहे. काचेच्या लांब नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम हे तीन वायू कमी दाबाखाली भरलेले असतात. नळीच्या दोन्ही टोकांना आरसे असतात. त्यांतला एक पूर्ण परावर्तन करतो, दुसरा थोडा किरण बाहेर सोडतो. नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की आत गुलाबी-जांभळा उजेड दिसतो. तो उजेड म्हणजे लेसर नव्हे. खरा किरण डोळ्यांना दिसतच नाही. त्याची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तो अवरक्त किरण आहे. साधी काच त्याला आरपार जाऊ देत नाही, म्हणून भिंग झिंक सेलेनाइड नावाच्या पिवळसर पदार्थाचे असते.

हा लेसर ज्यांनी शोधला त्यांचा जन्म आपल्या महाराष्ट्रात झाला, हे मला या खटाटोपात प्रथम कळले. चंद्रकुमार नारणभाई पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९६१ साली बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. अली जावान व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम-निऑनचा पहिला वायू-लेसर त्याच बेल प्रयोगशाळेत १९६० च्या डिसेंबरात पेटवला होता. तो नाजूक दिवा होता. त्याच्या जातीच्या लेसरमध्ये घातलेल्या विजेच्या एक टक्क्याचा दहावा भागही किरणाच्या रूपाने बाहेर येत नाही. पटेलांनी १९६४ साली कार्बन डायऑक्साइडच्या लेसरविषयी लिहिले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. पहिल्या प्रयोगात शुद्ध वायूतून मिळालेली शक्तीही मिलिवॅटमध्येच होती. मग त्यांनी नायट्रोजन मिसळला, पुढे हेलियम मिसळले, आणि एक-दोन वर्षांतच शक्ती शंभर वॅटच्या पुढे गेली.

दोन परके वायू मिसळून एवढा फरक का पडावा? मी ते माझ्यापुरते मागावर बसवून समजून घेतले. विणकर स्वतःच कांडी भरत बसला तर माग उभा राहतो. म्हणून कांड्या भरायला वेगळा माणूस लागतो. नायट्रोजन हा कांडीवाला. विजेतले इलेक्ट्रॉन त्याच्या रेणूंना सहज थरथरायला लावतात, ती थरथर तो बराच वेळ धरून ठेवतो, आणि तिची ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या नेमक्या हव्या त्या पातळीशी जवळजवळ जुळते. टक्कर झाली की तो भरलेली कांडी विणकराच्या हातात देतो. किरण सोडून झाल्यावर कार्बन डायऑक्साइडचा रेणू मधल्याच एका पातळीवर अडकतो. त्याला तिथून खाली उतरवणे आणि उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत पोहोचवणे हे काम हेलियमचे. रिकामी कांडी धोट्यातून काढली नाही तर भरलेली कुठे बसवणार? ही उपमा आमच्या वडिलांना पटली, एवढे मी सांगू शकतो. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तिला किती गुण देतील ते माहीत नाही.

आता शक्ती. शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा. एक ज्यूल दर सेकंदाला म्हणजे एक वॅट. भिवंडीत हॉर्सपॉवर हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. न दिसणाऱ्या किरणाची शक्ती मोजायचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे तो किरण एखाद्या वस्तूत पूर्ण जिरवायचा, ती वस्तू किती तापली ते पाहायचे आणि वेळेने भागायचे. यासाठी तयार उपकरणे मिळतात, पण त्यांची किंमत माझ्या पगारात बसणारी नव्हती.

पहिला प्रयत्न पाण्यावर केला. शाळेत उष्णतामापनाचा धडा पाण्यावरच शिकलो होतो. थर्मोकोलच्या पेल्यात २०० ग्रॅम पाणी घेऊन भिंगाखाली बरेच खाली ठेवले, म्हणजे किरण पसरून पडेल, आणि झाकण लावून तीस सेकंद यंत्र चालवले. पाणी ०.९ अंशाने तापले. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.१९ ज्यूल लागतात. हिशेब केला तर सुमारे २५ वॅट. मला आनंद झाला. नळी अगदीच मेली आहे, माझी बाजू सिद्ध झाली! मी तो कागद घेऊन आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेलो. सरांनी फक्त एक प्रश्न विचारला, "पाण्यावर वाफ दिसली का रे?"

दिसली होती. हा किरण पाण्यात खोल जात नाही; पृष्ठभागाच्या केसाहूनही पातळ थरात तो जिरतो. तेवढा थर लगेच उकळतो आणि वाफेबरोबर उष्णता निघून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. म्हणजे पाव ग्रॅम पाणी जरी उडाले तरी साडेपाचशे ज्यूल गेले. तीस सेकंदांत विभागले तर ते १९ वॅट होतात. पाव ग्रॅम म्हणजे चार-पाच थेंब! मी माझ्या सोयीच्या आकड्यावर इतक्या चटकन विश्वास ठेवला होता की समोरची वाफ मला मोजण्यासारखी वाटली नाही.

दुसरा प्रयत्न सरांच्या सल्ल्याने केला. मागाचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा गट्टू कापून घेतला आणि एका तोंडाला शंकूसारखा खड्डा पाडून घेतला, म्हणजे परावर्तन होऊन उडालेला किरण बाहेर न पडता पुन्हा आतच आदळेल. नुसते चकचकीत ॲल्युमिनियम या कामाला चालत नाही, उलट धोक्याचे आहे. ते हा किरण आरशासारखा परत फेकते. आधी मी दिव्याची काजळी धरून पाहिली, ती पहिल्याच फटक्यात उडाली. शेवटी काळे ॲनोडायझिंग करून घेतले. सोनाराच्या काट्यावर गट्टू २५० ग्रॅम भरला. बाजूला बारीक भोक पाडून त्यात आकडे दाखवणाऱ्या तापमापीची सुई बसवली आणि भोवती थर्मोकोल गुंडाळला.

ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम एक अंशाने तापायला सुमारे ०.९ ज्यूल लागतात, म्हणून पूर्ण गट्टूला अंशामागे २२५ ज्यूल. पण पुस्तकातल्या आकड्यावर किती विसंबावे? सरांनी शाळेचा व्होल्टमीटर आणि ॲमीटर दिला. गट्टूला एक रोधक चिकटवून १२ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट, ७५ सेकंद सोडले. १८०० ज्यूल गेले आणि गट्टू ७.९ अंशांनी तापला. अंशामागे २२८ ज्यूल पडले. पुस्तक आणि गट्टू यांच्यात फारसे भांडण नव्हते. ज्या उष्णतेचा हिशेब आपल्याला आधीच ठाऊक आहे तिच्याशी अज्ञात उष्णता ताडून पाहणे ही या कामातली मला सर्वांत आवडलेली पायरी. किराणा दुकानात वजनमाप तपासणारा अधिकारी दुसरे काय करतो?

इथे एक सूचना करणे माझे कर्तव्य आहे. नळीच्या तोंडाशी मोजायचे तर यंत्राचे मागचे झाकण उघडावे लागते. तिथे काही हजार व्होल्ट असतात आणि न दिसणारा किरण असतो. त्यातले एकही डोळ्याला किंवा हाताला दुसरी संधी देत नाही. ते काम मी केले नाही. यंत्र दुरुस्त करणारे मेकॅनिककाका आले तेव्हा त्यांनी वीज बंद करून गट्टू बसवला, आम्ही चष्मे लावले, समोर ॲक्रिलिकचा तावही धरला आणि मगच नळी पेटवली. कोणी वाचक प्रयोग करणार असेल तर त्यानेही जाणता माणूस जवळ असल्याशिवाय करू नये.

करंट कागदावर दिलेल्या मर्यादेइतका पूर्ण ठेवला आणि वेळ तीस सेकंद. किरण थांबल्यावर उष्णता गट्टूभर पसरायला थोडा वेळ लागतो, म्हणून आकडा चढायचा थांबेपर्यंत वाट पाहून नोंद केली. नळीच्या तोंडाशी तीन वेळा मोजले : ८.०, ८.२ आणि ८.१ अंश. सरासरी ८.१. २२५ ने गुणून तीसने भागले तर जवळजवळ ६१ वॅट. थोडा किरण गट्टूने परत फेकला असेल, थोडी उष्णता हवेत गेली असेल. दोन-तीन वॅट इकडेतिकडे धरावेत. पण ६१ चे ८० काही होत नाहीत.

माझी बाजू खरी ठरली असे वाटून मी शेठकडे वळलो. मेकॅनिककाका म्हणाले, "थांब, कापड कुठे कापतोस? नळीच्या तोंडाशी?" खरेच होते. नळीतून निघालेला किरण तीन आरशांवरून वळतो, मग भिंगातून कापडावर पडतो. गट्टू भिंगाखाली ठेवून मोजले. ५.९ अंश. म्हणजे ४४ वॅट.

वाटेत १७ वॅट कुठे गेले? काकांनी पहिला आरसा काढून माझ्या हातात दिला. त्यावर रेयॉनच्या धुराचा तपकिरी पापुद्रा बसला होता. आरसे दर आठवड्याला पुसायचे काम माझे. दिवाळीची गर्दी, सकाळचे तास, घरी आल्यावर अभ्यास ही कारणे खरी आहेत, पण आरशाला ती माहीत नव्हती. तीन आठवडे मी ते पुसले नव्हते. तिथेच स्पिरिट आणि कापूस घेऊन तिन्ही आरसे आणि भिंग पुसले, जागेवर बसवले, पुन्हा मोजले. ७.३ अंश, म्हणजे ५५ वॅट. ११ वॅट माझ्या आळसाने खाल्ले होते. उरलेले सहा आरशांनी आणि भिंगाने ठेवून घेतले. ते स्वच्छ असले तरी थोडे घेतातच.

शेठ हे सारे पाहत उभे होते. त्यांनी नळीचा कागद आणला. त्यावर ऐंशी हा आकडा ठळक होता. नळी विकणाऱ्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की तो आकडा जास्तीत जास्त शक्तीचा, नव्या नळीचा, थंड पाण्यावरचा. किती महिन्यांनी किती उरते हे मात्र कागदावर नव्हते.

शक्ती कळली, कार्यक्षमता राहिली होती. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही उत्पादन आणि आदान यांचे गुणोत्तर शिकतो. इथेही तेच, फक्त दोन्ही बाजूंना वॅट. आदान मोजायला उच्च दाबाच्या तारेला हात लावायची गरज नव्हती. भिंतीवरचे विजेचे मीटर पुरेसे होते. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेले असते की एका युनिटला किती लुकलुका. आमच्या मीटरवर ३२०० लिहिले आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल; म्हणून एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरी बिलावरून भांडण होते तेव्हा ही गोष्ट मला माहीत असती तर बरे झाले असते.

पंखा, दिवे बंद केले. यंत्र, पाणी थंड करणारी पेटी आणि धूर ओढणारा पंखा चालू, पण किरण बंद, अशा स्थितीत एका मिनिटात ३० लुकलुका झाल्या. किरण विटेवर सोडून ठेवला तेव्हा मिनिटात ६०. म्हणजे एकूण ११२५ वॅट. त्यांतले निम्मे, सुमारे ५६२ वॅट, केवळ किरण पेटल्यामुळे. नळीच्या तोंडाशी ६१ वॅट मिळतात, तेव्हा कार्यक्षमता सुमारे ११ टक्के. या जातीच्या लेसरमध्ये रेणूंच्या पातळ्यांच्या हिशेबानेच कमाल मर्यादा सुमारे ४० टक्के पडते, आणि प्रत्यक्षात दहा ते वीस टक्के ही चांगली कामगिरी समजतात. हेलियम-निऑनशी तुलना केली तर हे वैभवच म्हणायचे.

पण कापडाला विचारले तर? सर्व यंत्र मिळून ११२५ वॅट खाते आणि कापडावर ५५ पोहोचतात. शंभरातले पाच. आरसे काळे असताना शंभरातले चारही पुरे नव्हते. कार्यक्षमता सांगताना कुठून कुठपर्यंत मोजली हे न सांगता नुसता आकडा फेकणे म्हणजे ताक्याची लांबी सांगून पन्हा लपवणे होय. नळी विकणारा ११ म्हणेल, मी ५ म्हणेन, आणि दोघेही खोटे बोलत नसू.

आमच्या वर्गातला एक मित्र आधी वाणिज्य शाखेत होता. तो म्हणाला, "जमा ५६२, खर्च ६१, बाकीचा हिशेब दाखव." हे आव्हान होते. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन नळीभोवतीच्या पाण्यात जाणार हे उघड होते. पाण्याच्या परतीच्या नळीखाली लिटरचे माप धरले. मिनिटाला ३ लिटर पाणी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात २ अंशांचा फरक. हिशेब सुमारे ४१८ वॅटचा झाला. ६१ आणि ४१८ मिळून ४७९. उरलेले ८३ वॅट वीज-पुरवठ्याच्या पेटीने स्वतः तापून घालवले असावेत. तिच्या पाठीवर हात ठेवला की चटका बसतो. पाण्यातला फरक दशांश अंशाने चुकला तरी वीस वॅट हलतात, त्यामुळे हा ताळेबंद रुपया-पैशांत जुळतो असे मी म्हणणार नाही. मित्राने मात्र तो मंजूर केला.

नऊशे रुपयांचे काय झाले ते सांगायला हवे, नाहीतर वाचक विचारतील. मी शेठना सगळे आकडे लिहून दिले, आरशांचे ११ वॅटही. ते लिहावेत की नाही यावर एक रात्र विचार केला हे कबूल करतो. ८० आणि ४४ एवढेच दोन आकडे दाखवले असते तर सगळा दोष नळीवर गेला असता आणि शेठना ते कळलेही नसते. शेठनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "ऐंशीतले छत्तीस गेले. अकरा तुझे, बाकीचे माझ्या नळीचे नि यंत्राचे." आणि सहाशे रुपये परत केले. अकरा-छत्तीसच्या प्रमाणात ते सहाशे पंचवीस होतात. पंचवीस मी मागितले नाहीत.

घरी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना शंभरातले पाच ही गोष्ट खरी वाटेना. "मग बाकीचे पंच्याण्णव कोण घेऊन जातं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "बाबा, पाणी आणि वारा." ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांच्या मागाच्या मोटारीवर एक हॉर्सपॉवर लिहिले आहे, त्यातले कापडात किती जाते हे या गट्टूने मोजता येईल का, असे विचारू लागले. गट्टूने येणार नाही. मीटरच्या दिव्याने निम्मे काम होईल. मागाला मीटर वेगळे नाही, बारा मागांना मिळून एक आहे. रविवारी सगळे माग बंद असताना एकच चालवू द्याल का, असे त्यांनी मालकांना विचारले आहे.

कारखान्यात आता एक वही ठेवली आहे. सोमवारी आरसे पुसायचे, भिंगाखाली गट्टू तीस सेकंद ठेवायचा आणि अंश लिहायचे. पहिले तीन आठवडे ७.३, ७.२, ७.३ अशी वाचने आली. गेल्या सोमवारी ६.९ आले. आरसे स्वच्छ होते, मी दोनदा पुसून पाहिले. तेव्हा आता नळीच्या तोंडाशी पुन्हा मोजावे लागेल. मेकॅनिककाकांना येत्या शुक्रवारी बोलावले आहे.